ऑगस्टच्या पानाखालची सही

वामन, तुझे बूट मी घरात आणले आहेत.

कुसुमच्या राज्यात त्यांना गॅरेजच्या पुढं यायची परवानगी नव्हती, हे तुला मी सांगायला नको. चौदा वर्षं ते काळे, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट गॅरेजमध्ये जुन्या वर्तमानपत्रावर उभे राहिले, आणि तू नुसत्या मोज्यांवर घरात यायचास, चोरासारखा. आता ते पुढच्या दाराशी आहेत, तुझ्या लेकीच्या, मित्राच्या, शाळेच्या बुटांशेजारी. मी ठेवले तेव्हा कुसुम भाजी चिरत होती. तिनं पाहिलं. थोड्या वेळानं उठली, मित्राचे बूट जरा सरकवले आणि तुझ्या बुटांना भिंतीकडची जागा करून दिली.

आज तुला जाऊन तेवीस दिवस झाले. आठवड्यानं माझं परत जायचं विमान आहे. कुसुम म्हणाली, बाई, तुम्ही दिवसभर मनातल्या मनात ह्यांच्याशी बोलता, ओठ हलतात तुमचे, पोट्टी घाबरते. त्यापेक्षा लिहून काढा. म्हणून स्वैपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे. वेलांट्या चुकतील. चुकल्या तर दोष गुरुजीचा.

गुरुजी तूच की. मला कोणी शाळेत घातलं नाही, पण तुला पोचवायला आणि आणायला मीच. तू व्हरांड्यात शेवटच्या रांगेत, मी बाहेर पायरीवर. घरी येऊन तू पाटीवर जे गिरवायचास ते मी चुलीपुढच्या राखेत गिरवायची. आईला वाटायचं पोरगी राख खेळते. तुला हायस्कुलात घालायचं ठरलं तेव्हा फॉर्म आला, त्यावर पालकाची सही हवी होती. बा अंगठा पुढं करून बसला. तू रडायला लागलास. अंगठा नाही चालणार म्हणालास, बाई सही करेल. आणि मग आठवडाभर तू माझ्याकडून घोटून घेतलंस, सुभद्रा, सुभद्रा, सुभद्रा. माझ्या आयुष्यातली पहिली सही तुझ्या त्या फॉर्मवर आहे. पालक म्हणून.

हे सगळं मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढं जे सांगायचं आहे ते याच्याशिवाय समजायचं नाही.

बाची गोष्टही तशीच. आपल्या गावच्या नगरपालिकेत बा नाल्या उपसायचा. अनवाणी. घरी आला की अंगणातल्या दगडावर उकिडवा बसायचा आणि मी वरून पाणी ओतायची, कितीतरी वेळ. एका पावसाळ्यात पायाला जखम झाली, ती चिघळली, तेव्हा त्यानं हिंमत करून रबरी बूट मागितले. त्याच्या एकट्यासाठी नाही, सगळ्या गँगसाठी. बाबू नुसता हसला. पुढच्या वर्षी कामगारांना खोल्या वाटल्या, तर बाचा कागद सापडेना. सगळ्यांचे सापडले, त्याचाच नाही. बूट ज्या टेबलावर मागितले, खोलीचा कागदही त्याच टेबलावर होता रे. तू तेव्हा लहान होतास. मी तरणी होते. ते टेबल माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तू बुटांची गोष्ट लक्षात ठेवलीस, मी टेबलाची. एका घरातली दोन पोरं.

मित्राच्या वेळी कुसुमच्या बाळंतपणासाठी मी पहिल्यांदा इथं आले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी तू मला तुझा सांडपाण्याचा प्लांट दाखवायला घेऊन गेलास. कुसुम ओली बाळंतीण घरात आणि नवरा बहिणीला गटार दाखवायला नेतो, यावरून ती तुला किती बोलली. पण तुझा चेहरा असा होता, जसा काही स्वतः बांधलेलं घर दाखवतोस. पहिली जाळी, तिथं चिंध्या अडकतात. मग वाळू खाली बसते. मग मोठी गोल टाकी. मग ती हवेची टाकी, फसफसणारी, दुधाळ तांबूस. तू म्हणालास, बाई, यात करोडो जंतू आहेत, तेच घाण खातात, मी फक्त त्यांची गुरं राखतो. त्यांना हवा दिली की झालं. मी म्हटलं, बाप्पा, एवढं शिकून गुराखीच झालास.

आणि मग ती काचेची उंच बरणी. हवेच्या टाकीतलं पाणी तू तिच्यात भरलंस, टेबलावर ठेवलंस आणि घड्याळ लावलंस. अर्धा तास. हात लावायचा नाही, हलवायची नाही. नुसतं बघायचं. गाळ हळूहळू खाली बसत गेला, ढगासारखा, आणि वरचं पाणी असं निघालं की पलीकडचा तुझा हात दिसला. तू रोज हे करायचास, आणि घरीही तेच चालवायचास. कुसुमशी वाजलं की, अर्धा तास, खाली बसू दे. मित्रा आदळआपट करायला लागली की, अर्धा तास. पोट्टी चिडायची, आय ॲम नॉट स्लज, डॅड, मी काय गाळ आहे का.

शेवटच्या टाकीतून पाणी बाहेर पडून नदीला मिळतं, तिथं तू मला नेलंस. मग म्हणालास, बानं हे हातांनी केलं, त्याला कोणी विचारलं नव्हतं करशील का म्हणून. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं.

म्हणूनच तू कुठं लपवत नव्हतास. श्रूजबरीला आपल्या मराठी लोकांचं जेवण होतं, आठवतं ना. सगळे डॉक्टर, इंजिनिअर. एकानं विचारलं, आपण कुठं असता? तू म्हणालास, गावाचं सांडपाणी साफ करतो. तो गृहस्थ हातातली ताटली घेऊन जरा बाजूला सरकला, फार नाही, दोन बोटं. मी गाडीत तुला म्हटलं, वॉटर डिपार्टमेंट म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं. तू गाडी चालवता चालवता म्हणालास, "बाई, पाणी स्वच्छ करतो ते सांगायचं आणि कशातून ते सांगायचं नाही, हे मला जमणार नाही." मी मनात म्हटलं, गर्व झाला याला.

तो गर्व मी मोडला. त्याचंच लिहायला बसले आहे.

गेल्या जूनमध्ये मी दुसऱ्यांदा आले, पाहुणी म्हणूनच. तुझा अर्ज, बहिणीला कायमचं आणायचा, चार वर्षांपासून सरकारदरबारी पडून होता. मी निघण्याआधी आलेल्या एरोग्रामच्या पत्रात तू लिहिलं होतंस, या खेपेला जास्त राहा, कदाचित आता परत जायची वेळच येणार नाही. ते वाक्य मी विमानात किती वेळा वाचलं. दिराच्या घरी माझी खाट ज्या पडवीत आहे, तिथं पावसात उशाशी पाणी येतं, आणि सकाळी सगळ्यांचा चहा झाल्यावर माझा होतो. कोणी वाईट वागत नाही. पण माझं असं तिथं काही नाही, वामन. मला परत जायचं नव्हतं. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही, पण तुला माहीत होतं.

उन्हाळाभर मी सकाळी नदीवर जायची. या नदीचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. इथल्या मूळच्या लोकांनी ठेवलेलं आहे म्हणतात, म्हणून तर इतकं लांब. तिथं लिओ असायचा. गिरणीतून निवृत्त झालेला, सत्तरीचा, टोपी आणि गळ. त्याला माझं एक अक्षर कळत नव्हतं, मला त्याची दोन-तीन कळायची. तरी आम्ही तासतास बोलायचो. तो त्याच्या बोलीत, मी माझ्या. तो मासा काढायचा, मला दाखवायचा, मी मान हलवली की ठेवायचा, नाक मुरडलं की सोडून द्यायचा. गिरण्या चालू होत्या तेव्हा ही नदी रोज वेगळ्या रंगाची असायची, हे त्यानं मला शर्टाला, टोपीला, गवताला बोट लावून सांगितलं. मासे परत आले ते तुझ्या प्लांटनंतर. ते सांगताना त्यानं प्लांटच्या दिशेनं टोपी काढली होती. मी घरी येऊन तुला नक्कल करून दाखवली आणि तू लाजलास.

मग शहाऐंशीचा तो ऑगस्ट आला. उकाडा, पाऊस नाही, नदी इतकी उतरलेली की मधले दगड कोरडे. तुझ्या त्या हवेच्या टाकीला हवा देणारे दोन ब्लोअर. त्यातला एक गेली दोन वर्षं बंद. तुझ्या वरचा माणूस, डॅन, यानं गावाकडं नवा मागितला होता. तीनदा. इथं गावसभेत सगळे हात वर करून ठरवतात, आणि ब्लोअरसाठी हात वर गेले नाहीत, कारण रिपोर्ट तर चांगले येतात, मग कशाला. त्या ऑगस्टात दुसराही बसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला तू घरी आलास. डबा ओट्यावर ठेवलास, तो उघडलेलाच नव्हता. कुसुम अजून आली नव्हती, मी कणीक मळत होते. तू खुर्चीवर बसून सगळं सांगितलंस. जंतू मरताहेत, टाकी काळी पडली आहे, वास यायला लागला आहे, आणि घाण जवळजवळ तशीच नदीत जाते आहे. डॅन म्हणतो, कळवू नको, मोटर दुरुस्तीला गेली आहे, आठवड्यात येईल. महिन्याच्या रिपोर्टात मागचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून घालू. डॅन वाईट नाही, असंही तू म्हणालास. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, त्याला भीती वाटते.

"मी उद्या सकाळी राज्याच्या ऑफिसला फोन करतो," तू म्हणालास. "त्यांनी गावाला धारेवर धरलं तर भाड्याचा ब्लोअर दोन दिवसांत येतो."

मी विचारलं, "तो रिपोर्ट जातो कुणाकडं?"

"राज्याकडं. वॉशिंग्टनलाही जातो."

"आणि माझा कागद कुठं आहे?"

तू माझ्याकडं पाहिलंस. "बाई, ते वेगळं ऑफिस आहे."

"सरकार एकच असतं, वामन. बाची खोली आठव."

"हे ते गाव नाही."

"तू बूट मागायला निघालास," मी म्हटलं, "आणि कागद माझा सापडायचा नाही."

आणि मग मी रडले. तेही लिहिते. रडणं खोटं नव्हतं, पण ते थांबवता आलं असतं आणि मी थांबवलं नाही. कणकेच्या हातांनी डोळे पुसत राहिले. तू उठलास. अर्धा तास, एवढंच म्हणालास, आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलास. दाराच्या फटीतून मला तू दिसत होतास, बुटांशेजारी पायरीवर. अर्ध्या तासानं आत आलास, हात धुतलेस आणि म्हणालास, "बरं."

तुला माझं पटलं होतं का? की माझ्या रडण्यापुढं नमलास? की तुलाही मनातून तीच भीती होती, इतकी वर्षं इथं राहून, इंग्रजीत स्वप्नं पडत असून? हे मला तुला विचारायचं होतं. आता कुणाला विचारू.

सहाव्या दिवशी मासे वर आले.

मी आणि लिओ रोजच्या जागी पोचलो तर पाण्यावर पांढरी पोटं. आधी मला वाटलं कागद टाकलेत कुणी. लहान होते, मोठे होते, ते मिशीवालेसुद्धा, जे चिखलातही तग धरतात असं तो खुणांनी सांगायचा. काही अजून तोंड उघडत होते, पाण्याच्या वर, हवेत. लिओ बुटांसकट आत गेला आणि ओंजळीनं एकेक उचलून काठावर ठेवायला लागला. कशासाठी, ते त्यालाही माहीत नसावं. मीही लुगड्याचा घोळ खोचला आणि उतरले. गुडघाभर पाणी होतं, कोमट. आम्ही दुपारपर्यंत तेच करत होतो. त्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही, तोही नाही, मीही नाही. मला कारण माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

संध्याकाळी तो आपल्या दारात आला. टोपी हातात. तुला त्यानं विचारलं, तिकडं काही झालं का? तू म्हणालास, नदीला पाणी कमी आहे, उकाडा फार आहे. दोन्ही खरंच होतं. त्यानं मान हलवली आणि काही म्हणाला. मित्रानं मला नंतर सांगितलं, तो म्हणाला होता, काही असतं तर तू मला सांगितलं असतंस.

त्या रात्री जेवताना तू वाटीतली भाजी संपवलीस, हात धुतलेस, आणि अंघोळीला गेलास. कितीतरी वेळ पाणी वाहत होतं. मला अंगणातला दगड आठवला.

महिनाअखेरीला घरी येऊन एवढंच म्हणालास, रिपोर्टावर माझी सही झाली.

मोटर दुरुस्त होऊन आली, टाकी पुन्हा हळूहळू तांबूस झाली असं तू सांगितलंस. बर्फ पडलं. माझा मुक्काम अर्ज करून आणखी वाढवून मिळाला. तू मला कधी टोमणा मारला नाहीस. मारायला हवा होतास. उलट मला जाड कोट आणलास, टीव्हीवरची मालिका कळावी म्हणून शेजारी बसून मराठीत सांगत राहिलास, माझे कागद कुठवर आले ते फोन करून विचारत राहिलास. फक्त बरणीची गोष्ट तू पुन्हा काढली नाहीस. अर्धा तास, हे शब्द त्या दिवसानंतर या घरात कोणी बोललं नाही. आणि तू नदीकडच्या रस्त्यानं यायचं सोडून हायवेनं यायला लागलास, दहा मिनिटं जास्तीची.

मार्चमधला एक रविवार. मी भाकरी थापत होते. तू मागं येऊन उभा राहिलास. "बाई, ते ऑगस्टचं," एवढं म्हणालास. मी म्हटलं, "आत्ता नको रे, तवा तापलाय." तू गेलास. तवा तापला नव्हता, वामन. मी नुकताच ठेवला होता.

काय म्हणणार होतास?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बर्फ वितळून नदी दुथडी भरली, आणि तू हवेच्या टाकीवरच्या लोखंडी पुलावर पडलास. हृदय. हातात नमुन्याची बाटली होती, ती फुटली नाही, असं डॅननं सांगितलं. ही गोष्ट त्यानं कुसुमला दोनदा सांगितली, जशी काही ती फार महत्त्वाची असावी. श्रूजबरीहून आपली दोन घरं आली, एक कनेटिकटहून. बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, त्रिशरण, पंचशील झालं. चौथं शील म्हणताना माझा आवाज फुटला नाही. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं ते. बाकीच्यांना वाटलं दुःखानं.

डॅन दुसऱ्या दिवशी एक खोका घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत बूट, तुझा डबा, चष्म्याचं घर, आणि सगळ्यांच्या वर एक हिरवी वही. कुसुमनं चहा विचारला, तो नको म्हणाला. जाताना त्यानं वहीवर नुसता हात ठेवला आणि उचलला. ती वही तो नदीत टाकू शकला असता, भट्टीत टाकू शकला असता. त्यानं आणून दिली. तू म्हणाला होतास तो वाईट नाही. ते खरं आहे.

मित्रानं मला ती वाचून दाखवली. त्या ऑगस्टाचा एकेक दिवस. सकाळी, दुपारी, काय मोजलं, किती निघालं. खरे आकडे. चाचण्या तू सगळ्या केल्या होत्यास, फक्त त्या रिपोर्टात गेल्या नाहीत. प्रत्येक पानाखाली तुझी बारीक इंग्रजी सही. फक्त मासे वर आले त्या सहाव्या दिवसाच्या पानावर आकडे नाहीत, एकच शब्द आहे. मित्रा म्हणाली, फिश.

त्यानंतरच्या सोमवारी कुसुम मला वूस्टरला वकीलबाईकडं घेऊन गेली, माझ्या कागदांचं काय म्हणून. बाई तरुण, बोलायला चांगली. कुसुम वाक्यावाक्याला मला मराठीत सांगत होती. अर्ज करणारा माणूस गेला, की त्याचा अर्जही संपतो. खास विनंती करता येते, पण तिच्या भरवशावर राहू नका. म्हणजे ज्या कागदासाठी तू गप्प बसलास, तो कागद तुझ्याबरोबरच गेला.

मी कुसुमला म्हटलं, त्यांना एक विचार. समजा याच माणसानं सरकारला कळवलं असतं, की गावानं नदी घाण केली, तर माझ्या कागदांना धक्का लागला असता का?

कुसुम माझ्याकडं बघतच राहिली. त्या ऑगस्टात मी तुला अडवलं, हे तिला माहीत नव्हतं ना. तरी तिनं विचारलं. वकीलबाईनं भुवया वर केल्या, जसं काही मी विचारलं असावं की पाऊस पडला तर पोस्ट बंद असतं का. "नो," ती म्हणाली. "वन हॅज नथिंग टू डू विथ द अदर."

ते मला कुसुमनं सांगायची गरज पडली नाही.

गाडीत मी तिला सगळं सांगितलं. ती गाडी चालवत होती, रस्त्यावरून नजर काढली नाही तिनं. घरी आल्यावर किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, "मग आता काय करायचं म्हणता, बाई?"

मी म्हटलं, वही लिओला द्यायची. मे महिन्यात गावसभा आहे, ब्लोअरचा विषय पुन्हा येणार आहे, आणि कागदावर सगळं ठीक दिसतंय म्हटल्यावर पुन्हा कोणी हात वर करणार नाही. पुढच्या ऑगस्टात परत तेच. लिओ सभेत उभा राहू शकतो, तो इथलाच आहे.

कुसुम म्हणाली, "नाव ह्यांचंच निघेल. डॅनचीही सही होती हे कोणी बघणार नाही. खोटी सही करणारा इंडियन म्हणतील. मित्रानं याच गावात शाळेत जायचंय."

ती चुकीचं बोलत नव्हती. तू मेलास, मी विमानात बसेन, आणि गावात राहणार त्या दोघी. मला काय हक्क? तेव्हा पोट्टी जिन्यावरून खाली आली. सगळं ऐकलं होतं तिनं. आईला म्हणाली, "मॉम, ही डिड द टेस्ट्स. एव्हरी डे. ही वॉज जस्ट वेटिंग." कशाची वाट, ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं, कुसुमलाही कळलं. माझ्या कागदांची. इथं कायम राहायचं कार्ड माझ्या हातात पडलं की तू ती वही घेऊन जाणार होतास. मार्चमध्ये तेच सांगायला आला होतास का रे, तव्यापाशी?

मी कुसुमला म्हटलं, अर्धा तास. इतक्या महिन्यांनी ते शब्द या घरात परत आले. आम्ही तिघी तीन ठिकाणी बसलो. अर्ध्या तासानं कुसुमनं चहा टाकला आणि म्हणाली, "द्या. पण नुसते आकडे नका देऊ. का झालं तेही लिहा."

म्हणून मी वहीतल्या ऑगस्टच्या शेवटच्या पानावर, तुझ्या आकड्यांखाली, मराठीत सहा ओळी लिहिल्या. की माझ्या भावानं हे मोजलं होतं. की तो कळवणार होता. की मी त्याला अडवलं, माझ्या स्वार्थापायी आणि माझ्या अडाणीपणापायी. की मासे मेले ते त्यामुळं. मित्रानं खाली इंग्रजी केलं. तिसऱ्या ओळीशी थांबली, "आत्या, आर यू शुअर?" मी म्हटलं, लिही.

काल सकाळी लिओ त्याच्या जागी होता. गळ नव्हता. ऑगस्टनंतर तो नुसताच येऊन बसतो. मी आणि मित्रा त्याच्या शेजारी बसलो आणि मी वही दिली. पानं उलटायला त्याला खूप वेळ लागला. सहाव्या दिवसाशी थांबला. मग शेवटचं पान. ते त्यानं दोनदा वाचलं. नंतर नदीकडं बघत बोलला, बराच बोलला, आवाज न चढवता. मी मित्राला विचारलं, काय म्हणतो? ती म्हणाली, "ही सेज थँक यू."

एवढं मोठं बोलणं आणि अर्थ एवढाच? मी पुन्हा विचारलं. पोट्टीनं मान खाली घातली. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तो उठला. भुरभुर पाऊस होता, म्हणून वही कोटाच्या आत घातली. माझ्याकडं बघून टोपीला हात लावला नाही. प्लांटच्या दिशेला मात्र वळून थोडा वेळ पाहिलं आणि मग त्याच्या वाटेनं गेला.

सभेत काय होईल ते मला कळणार नाही. मी पडवीत असेन. कुसुम लिहिते म्हणाली आहे.

वामन, तू असतास तर माझ्याशी भांडला असतास का? की त्या ओळी मी लिहायला नको होत्या, दोष सगळा तुझाच होता, कारण शेवटी हात तुझा होता, असं म्हणाला असतास? म्हणाला असतासच. मला माहीत आहे तुझा स्वभाव. पण तेवढं आता मी तुला करू देणार नाही.

त्या पानावर सही मी मराठीतच केली. सुभद्रा. तू घोटून घेतली होतीस तशी. शेवटच्या अक्षराची काठी वाकडी आली. वर तुझी बारीक इंग्रजी सही आहे, खाली माझी. हायस्कूलच्या त्या फॉर्मवरही असंच होतं, आठवतं का? वर तुझं नाव. खाली एक रेघ छापलेली, आणि रेघेखाली लिहिलं होतं, पालकाची सही.